बाबांचं बीपी आणि माझी एक्सेल शीट

क्लेमेंटीत सकाळचे साडेसात म्हणजे कराडला पहाटेचे पाच. बाबा निवृत्त शिक्षक. पाचला उठायची सवय अजून सुटलेली नाही. उठले की तोंड धुतात, बीपीच्या मशीनचा पट्टा दंडाला गुंडाळतात आणि पडद्याचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. मी तेव्हा क्लेमेंटी एमआरटीच्या प्लॅटफॉर्मवर उभा असतो. गाडी यायच्या आत तो आकडा मोबाइलवरच्या शीटमध्ये भरतो. वरचा आकडा १४० च्या पुढे गेला की चौकोन आपोआप लाल होतो. मीच तसं बसवलंय.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ही शीट सलग लाल होती. १६८/७२, १७२/७४, १६६/७०. बाबांना तीन गोळ्या चालू होत्या : ॲम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि तिसरी ती 'लघवीची गोळी'. आमचे डॉक्टर बाबांना वीस वर्षं ओळखतात. ते म्हणत होते, घाई नको, आधी नीट बघू. पण मी इथून फोन करून त्यांच्या मागे लागलो. "डॉक्टर, आकडे बघा ना. काहीतरी वाढवायला हवं." शेवटी चौथी गोळी सुरू झाली. शीटमधला लाल रंग कमी झाला आणि मी खूश झालो.

अकराव्या दिवशी पहाटे बाबा अंथरुणातून उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाथरूमच्या दारात पडले. उजवं मनगट मोडलं. आईने फोन केला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो आणि फोन कट केला. त्या दिवसाचा चौकोन शीटमध्ये अजून रिकामा आहे.

परदेशात राहणाऱ्या माझ्यासारख्या मुलामुलींसाठी हा लेख लिहितोय, कारण अशी शीट ठेवणारा मी एकटा नाही. इथल्या मित्रांमध्ये विचारलं तर निम्म्या जणांकडे आईवडिलांच्या साखरेचा नाहीतर बीपीचा ग्रुप निघाला. माझं म्हणणं एवढंच आहे : गोळ्यांना दाद न देणारं बीपी दिसलं, की आपण लगेच 'आणखी एक गोळी' म्हणतो. त्याआधी दोन प्रश्न विचारायला हवेत. हा आकडा खरा आहे का? आणि खरा असेल, तर ज्या नळीतून हे रक्त वाहतंय तिची अवस्था काय आहे?

पट्टा, गुडघा आणि प्रवास

मनगट बरं झाल्यावर आई-बाबा महिनाभरासाठी इथे आले. आमच्या ब्लॉकखाली एक छोटा दवाखाना आहे. तिथले डॉक्टर वयस्कर, चिनी वंशाचे, कमी बोलणारे. मी लॅपटॉप उघडून आलेख दाखवायला लागलो. त्यांनी नम्रपणे लॅपटॉप बाजूला सरकवला आणि बाबांचा दंड टेपने मोजला.

बाबा तरुणपणी कबड्डी खेळायचे, दंड अजून भरलेला आहे. घरच्या मशीनचा पट्टा त्यांना लहान होत होता. लहान पट्टा लावला की आकडा मुळात असतो त्यापेक्षा जास्त दिसतो. मी एवढी शीट बनवली, पण यंत्रात जाणारी माहितीच चुकीची आहे का, हे तपासलं नव्हतं. कॉम्प्युटरची डिग्री घेतलेल्या माणसाने ही चूक करावी!

मग त्यांनी विचारलं, आणखी काय घेता? मी भाषांतर केलं. बाबा म्हणाले, काही नाही. आई म्हणाली, "गुडघ्याची गोळी सांगा की." दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी बाबा गेले कित्येक महिने जवळजवळ रोज घेत होते. या प्रकारच्या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात आणि बीपीच्या काही औषधांचा जोरही कमी करतात. बाबांच्या लेखी ती 'औषध' नव्हतीच, ती गुडघ्याची गोळी होती.

तिसरं आणखी साधं. "लघवीची गोळी रोज घेता?" बाबा थोडे संकोचले. मग मला म्हणाले, "प्रवास असला की नाही घेत. गाडी मध्ये थांबत नाही, पंचाईत होते." आठवड्यातून दोन-तीनदा त्यांना साताऱ्याला किंवा गावी जावं लागतं. म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा ती गोळी डबीतच राहायची.

पुस्तकी व्याख्या अशी आहे : तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गोळ्या, त्यातली एक लघवी वाढवणारी, पुरेशा मात्रेत आणि नियमित घेऊनही बीपी आटोक्यात येत नसेल, किंवा त्यासाठी चार गोळ्या लागत असतील, तर तो औषधांना दाद न देणारा रक्तदाब. त्यातला 'नियमित' हा शब्द आपण वाचतच नाही. चुकीचं मोजमाप, चुकलेल्या गोळ्या, डॉक्टरांसमोर बसल्यावर वाढणारं बीपी, वेदनाशामकं, मीठ, झोपेत घोरताना अडणारा श्वास, मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून जास्त सुटणारं अल्डोस्टेरॉन, ही सगळी यादी संपल्यावर उरतो तो खरा हट्टी रक्तदाब.

बाबांच्या बाबतीत मोठा पट्टा आला, वेदनाशामक थांबली, लघवीची गोळी रोज सुरू झाली. ती पाडणारी चौथी गोळी तर बंदच होती. सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजलं. पहिला दिवस सोडून सरासरी काढली : १५२/६८. आधीपेक्षा बरं, तरी जास्तच. म्हणजे काहीतरी खरं उरलं होतं.

मोटर आणि पाईप

डॉक्टरांनी कागदावर तिसरा आकडा लिहिला : ८४. १५२ वजा ६८. म्हणाले, तुमच्या मुलाच्या शीटमध्ये हा आकडा कुठेच नाही.

वरचा आणि खालचा आकडा यांतलं हे अंतर. वयस्कर माणसात ते ६० किंवा त्याहून जास्त असेल तर धमन्या ताठर झाल्याची ती खूण मानतात. अमेरिकेतल्या फ्रामिंगहॅम गावातल्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालू आहे. त्यात १९९९ साली दिसलं, की वरचा आकडा सारखाच असलेल्या पन्नाशीपुढच्या दोन माणसांत ज्याचा खालचा आकडा कमी, त्याला हृदयविकाराचा धोका जास्त. मी मात्र खालचे ७२, ७०, ६८ बघून सुखावत होतो. 'खालचं तरी नॉर्मल आहे' हे वाक्य मी आईला किती वेळा म्हटलं असेल!

बाबांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. मी अर्धवट समजावत होतो तर तेच म्हणाले, "अरे, म्हणजे मोटर तीच, पाईप कडक झाला." आमच्या शेतात विहिरीवरच्या मोटरला पूर्वी रबरी पाईप होता. मोटर सुरू झाली की तो फुगायचा, धक्का पोटात घ्यायचा. उन्हात वाळून कडक झाल्यावर तोच पाईप मोटर सुरू होताच थाडकन उडायचा.

हृदयातून निघणारी महाधमनी तशीच आहे. हृदय आकुंचन पावतं तेव्हा ती फुगते आणि थोडं रक्त स्वतःत साठवते. हृदय विसावतं तेव्हा ती आकसून ते रक्त पुढे ढकलते. त्यामुळे वरचा आकडा फार चढत नाही आणि खालचा फार उतरत नाही. दिवसाला साधारण एक लाख वेळा हे चालतं. तिच्या भिंतीत इलॅस्टिन नावाचे लवचिक धागे असतात. ते बहुतेक सगळे जन्माआधी आणि लहानपणीच विणले जातात. पुढे तुटले की तसे नवे मिळत नाहीत. त्यांच्या जागी कोलॅजेनचे ताठ धागे येतात, कॅल्शियम साचतं. मग प्रत्येक ठोक्याचा धक्का मऊ न होता थेट मेंदू आणि मूत्रपिंडाच्या बारीक वाहिन्यांवर आदळतो. आणि हृदय विसावलेलं असताना मागून ढकलणारं कोणी उरत नाही, म्हणून खालचा आकडा पडतो. बाबांचं बीपी आम्ही जोरात खाली ओढलं तेव्हा वरचा आकडा उतरला, पण उभं राहताना मेंदूकडे पुरेसं रक्त पोचेना. ताठर नळ्यांना उभं राहण्याच्या क्षणी पटकन सावरता येत नाही. बाथरूमच्या दारात जे झालं ते हेच.

यात एक चक्रही आहे. बीपीमुळे धमन्या ताठर होतात हे जुनंच. पण फ्रामिंगहॅमच्या पुढच्या पिढीच्या अभ्यासात २०१२ मध्ये उलटंही दिसलं : आधी ताठरपणा आणि काही वर्षांनी वाढलेलं बीपी. म्हणजे बीपी गोळ्यांना दाद देत नाही तेव्हा प्रत्येक वेळी माणूस बेशिस्त असतो असं नाही. कधी नळीच ऐकण्याच्या पलीकडे गेलेली असते. बाबांवर मी फोनवर जे ओरडलो होतो, 'पापड-लोणचं खाता म्हणून', ते सगळं मला त्या दवाखान्यात आठवलं.

पिंग मोजायची तशी

ताठरपणा मोजता येतो. मानेतल्या नाडीवर आणि जांघेतल्या नाडीवर सेन्सर ठेवतात. एका ठोक्याची लहर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचायला किती वेळ लागला ते बघतात. अंतर भागिले वेळ. आमच्या धंद्यात पिंग मोजतात तसंच, फक्त इथे पिंग जितकी जलद तितकी वाईट बातमी, कारण लहर कडक नळीतून जास्त वेगाने पळते. सेकंदाला १० मीटर ही धोक्याची रेषा धरली जाते. इथल्या एका रुग्णालयात बाबांची तपासणी झाली. वेग १३ च्या वर निघाला.

या विषयाशी सिंगापूरचं एक खास नातं आहे आणि मला ते तेव्हाच कळलं. दंडावर मोजलेलं बीपी आणि हृदयाजवळच्या महाधमनीतलं बीपी सारखं नसतं. महाधमनीतलं मोजायचं तर कॅथेटर आत घालावा लागतो. इथल्या हेल्थस्टॅट्स या कंपनीने डॉ. टिंग चून मेंग यांच्या पुढाकाराने मनगटी घड्याळासारखं एक यंत्र बनवलं. ते मनगटातल्या नाडीची लहर टिपतं. इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठातले प्राध्यापक ब्रायन विल्यम्स यांच्याबरोबर त्यांनी २०११ मध्ये दाखवलं, की त्या लहरीवर साधी चल-सरासरी लावली तरी महाधमनीतला वरचा आकडा काढता येतो. सेकंदात जितकी मोजमापं, त्याच्या साधारण एक चतुर्थांशाची खिडकी घ्यायची आणि सरासरी पुढे सरकवत न्यायची. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. हा कोड आम्ही दुसऱ्या वर्षाला असताना लिहिलाय!

हा फरक महत्त्वाचा का, तेही विल्यम्स यांच्याच २००६ च्या एका अभ्यासात आहे. ॲटेनोलॉलवर आधारित आणि ॲम्लोडिपिनवर आधारित अशा दोन उपचारांची तुलना होती. दंडावरचं बीपी दोन्ही गटांत जवळजवळ सारखंच, पण महाधमनीत ॲम्लोडिपिनच्या गटात ते चारेक अंकांनी कमी. दंड एक सांगतो, हृदयाला दुसरंच सोसावं लागतं.

आणि नाडीच्या लहरीवरून रोग ओळखण्याच्या आधुनिक शास्त्राच्या सुरुवातीला एक भारतीय मुळाचा माणूस उभा आहे, हे किती जणांना माहीत असेल? फ्रेडरिक अकबर महोमेद. पाटण्याहून इंग्लंडला जाऊन १८१० मध्ये लंडनला हिंदी खाण्याची खानावळ काढणारे साके डीन महोमेद हे त्यांचे आजोबा. दंडाला पट्टा बांधून बीपी मोजायची पद्धत यायच्या आधी, १८७० च्या दशकात, हा तरुण लंडनच्या गाईज हॉस्पिटलमध्ये मनगटावरची नाडी काजळी धरलेल्या कागदावर उमटवत होता. मूत्रपिंडं धडधाकट असलेल्या माणसातही रक्ताचा दाब वाढलेला असू शकतो, हे त्यांनी त्या रेघांवरून ओळखलं. १८८४ मध्ये विषमज्वराने ते गेले, तेव्हा वय अवघं ३५. माझ्यापेक्षा एका वर्षाने लहान.

मग करायचं काय?

ताठर झालेली धमनी पुन्हा लहानपणीसारखी करणारं औषध आज नाही. पण वाढता ताठरपणा रोखता येतो आणि बीपी हळूहळू खाली आणता येतं. चौथी गोळी कोणती, यावरही चांगलं उत्तर आहे. विल्यम्स यांच्याच नेतृत्वाखाली ब्रिटनमध्ये झालेल्या 'पाथवे-२' अभ्यासात, २०१५ साली, हट्टी बीपीच्या ३३५ रुग्णांवर तीन औषधं आणि एक निष्क्रिय गोळी आलटून-पालटून वापरली. स्पायरोनोलॅक्टोन हे जुनं, स्वस्त औषध सगळ्यांत पुढे निघालं. निष्क्रिय गोळीच्या तुलनेत घरी मोजलेला वरचा आकडा साडेआठ अंकांहून जास्त उतरला. बाबांना तेच सुरू झालं, अगदी कमी मात्रेत, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाची तपासणी करून. डॉक्टरांनी बजावलं, या गोळीबरोबर 'कमी सोडियमचं मीठ' म्हणून मिळणारं पोटॅशियमचं मीठ वापरायचं नाही, रक्तातलं पोटॅशियम धोकादायक चढू शकतं. माझ्या हातून तेही घडलं असतं. इथल्या सुपरमार्केटमधून दोन पाकिटं बाबांसाठी आणून ठेवली होती.

आज बाबांची सरासरी १४२/६८ असते. माझ्या जुन्या नियमाने तो चौकोन लालच. मी नियम बदललाय. आता शीटमध्ये दोन नवीन रकाने आहेत : एक दोन आकड्यांमधलं अंतर, दुसरा उभं राहिल्यावर एक मिनिटाने घेतलेलं बीपी. आणि तिसरा, ज्यात आकडा नसतो. 'आज कसं वाटतंय?' त्यात बाबा लिहितात. परवा लिहिलं होतं, 'मळ्यापर्यंत चालत गेलो.'

आता थोडं घराबाहेरचं. २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले जे जिल्हे पहिल्या टप्प्यात होते, त्यात आमचा साताराही होता. ठरलेल्या गोळ्या, ठरलेला क्रम, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पुरवठा, हे काम मोलाचं आहे. माझं मत असं, की पुढची पायरी महागड्या यंत्राची नाहीच. लहरीचा वेग मोजणारं यंत्र प्रत्येक तालुक्यात येणार नाही, यायची गरजही नाही. प्रत्येक केंद्रात एक मोठा पट्टा असावा. कार्डावर अंतराचा तिसरा आकडा लिहावा. साठीपुढच्या माणसाचं बीपी एकदा उभं करूनही मोजावं. आणि तीन गोळ्यांनी भागलं नाही तर चौथी लिहिण्याआधी नर्सने शांतपणे विचारावं : गुडघ्यासाठी काय घेता? कुठल्या दिवशी कुठली गोळी चुकते? याला पैसे लागत नाहीत, पाच मिनिटं लागतात. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटंच सगळ्यांत महाग असतात हे मान्य. म्हणूनच ती मुद्दाम राखून ठेवायला हवीत.

आणि आपलं स्वतःचं? सिंगापूरच्या आरोग्य सर्वेक्षणात २०१७ मध्ये २४.२ टक्के लोकांना उच्च रक्तदाब होता, २०२१-२२ मध्ये ३७ टक्के. २०२२ च्या पाहणीत इथला माणूस दिवसाला सरासरी ३,६२० मिलिग्रॅम सोडियम खातो असं दिसलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या २,००० च्या मर्यादेच्या पावणेदोन पट. मी त्यातलाच. दुपारी हॉकर सेंटरमध्ये नूडल्सचं सूप शेवटच्या थेंबापर्यंत प्यायचो. बाबांना मोठा पट्टा आणला तेव्हा गंमत म्हणून माझंही मोजलं. १३८/८८. वय ३६. गंमत संपली. आता सूप वाटीतच ठेवतो आणि आठवड्यातून पाच दिवस उलू पांडन कालव्याच्या कडेने पाऊण तास भराभर चालतो. तुटलेले धागे परत येणार नाहीत, आहेत ते तरी सांभाळू.

कोणाची गोळी बदला असं मी सांगत नाही, ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण या रविवारी घरी फोन कराल तेव्हा नुसतं 'बीपी किती आलं' विचारू नका. व्हिडिओवर मोजायला सांगा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर, आधी पाच मिनिटं शांत, मोजताना बोलायचं नाही. पट्टा दंडाला पुरतोय का ते बघा. दोन आकड्यांची वजाबाकी करा. मग आईला बाजूला घेऊन विचारा, बाबा आणखी कुठली गोळी घेतात. आमच्या घरी खरं उत्तर तिच्याकडेच होतं.